ऑनलाइन वर्गातला न दिसणारा माणूस

२०१३च्या जानेवारीअखेर ‘कोर्सेरा’वर एक अभ्यासक्रम सुरू झाला. विषय होता, ऑनलाइन अभ्यासक्रम कसा आखावा आणि कसा चालवावा. विद्यापीठ अमेरिकेतलं जॉर्जिया टेक. जगभरातून सुमारे ४१ हजार जणांनी नावं नोंदवली. पहिलंच काम होतं ते एखाद्या गटात आपलं नाव घालण्याचं, आणि त्यासाठी गुगलची एक सामायिक तक्त्याची फाइल दिली होती. अशा फाइलमध्ये तेव्हा एका वेळी फार तर ५० जणांना लिहिता येई. इथे दारात उभे होते हजारो. फाइल कोलमडली. गटात शिरून पुढे नेमकं काय करायचं, हेही अनेकांना कळेना. आठवडा उलटायच्या आत अभ्यासक्रम थांबवावा लागला. ऑनलाइन वर्ग चालवायला शिकवणारा ऑनलाइन वर्गच चालला नाही, म्हणून त्याची थट्टाही भरपूर झाली.

थट्टा करणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट मात्र निसटली. व्हिडिओ तयार होते, वाचायचं साहित्य तयार होतं. तयार नव्हती ती आलेल्या माणसांना आत घेण्याची, बसवण्याची आणि बोलतं करण्याची व्यवस्था. शाळेत हे काम वर्गशिक्षक इतक्या सहज करतो, की ते वेगळं काम आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. ऑनलाइन वर्गात ते कुणी मुद्दाम केलं नाही तर होतच नाही.

इंग्रजीत या कामाला ‘मॉडरेशन’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘नियंत्रण’ हा शब्द वापरला की डोळ्यांसमोर पोलीस उभा राहतो. त्यापेक्षा महाराष्ट्रातल्या शिक्षक प्रशिक्षणांत रुळलेला ‘सुलभक’ हा शब्द बरा. शिकणं सुलभ करणारा तो सुलभक.

त्याच्या नसण्याची किंमत आकड्यांत दिसते. २०११ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमाला १ लाख ६० हजार जणांनी नावं नोंदवली, तेव्हा विद्यापीठांच्या भिंती आता पडल्याच असं अनेकांना वाटलं होतं. पुढच्या काही वर्षांत अशा अभ्यासक्रमांची मोजदाद झाली. केटी जॉर्डन यांनी २०१४मध्ये काढलेली सरासरी अशी होती : एका अभ्यासक्रमाला ४३ हजार नावं आणि पूर्ण करणारे साडेसहा टक्के. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा हिशेब २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांनी अभ्यासक्रमाचं पान एकदाही उघडलं नव्हतं. २०१७-१८ या वर्षात पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ३.१३ टक्के होतं.

हे आकडे थोडे सांभाळून वाचायला हवेत. वाचनालयाचा सभासद झालेला प्रत्येक जण काही पुस्तक संपवायला आलेला नसतो. नुसतं चाळून जाणारेही असतात. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये पूर्ण करणारे ४६ टक्के होते. पण म्हणजे पैसे मोजून, ठरवून आलेल्यांपैकीही निम्म्याहून जास्त वाटेतच गळाले.

ही गळती बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू होते. नेमक्या याच टप्प्याचा विचार ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत गिली सॅमन यांनी केला. ऑनलाइन सुलभनावरचं त्यांचं पुस्तक २००० साली आलं. शिकणारा पाच पायऱ्या चढतो, अशी त्यांची मांडणी आहे. आधी तो आत कसा शिरायचं ते शिकतो, मग इतरांशी ओळख होते, मग माहितीची देवाणघेवाण, मग सगळे मिळून ज्ञान घडवतात आणि शेवटी तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. यातली बोलकी गोष्ट अशी, की पहिल्या दोन पायऱ्यांचा विषयाशी संबंधच नाही. आपल्याकडचे बहुतेक अभ्यासक्रम मात्र थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, खाली चाचणी. ज्याला पासवर्ड सापडत नाही, मोबाईलवर मराठी टाइप करता येत नाही किंवा ‘माझा प्रश्न बावळट ठरला तर?’ अशी धास्ती आहे, तो तिथेच थांबतो. थांबल्याचं कुणाला कळतही नाही. प्रत्यक्ष वर्गात रिकामा बाक दिसतो. ऑनलाइन वर्गात रिकामा बाक दिसायची सोयच नसते. ती यादी कुणीतरी मुद्दाम काढून पाहावी लागते.

ओळखीसाठी ‘कृपया आपली ओळख करून द्या’ असं लिहून चालत नाही. त्याला नाव, पदवी, गाव आणि ‘शिकण्यास उत्सुक’ अशी एका साच्यातली दोनशे उत्तरं येतात, आणि ती कुणीच वाचत नाही. प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर द्यायला अभ्यास लागत नाही पण अनुभव लागतो. मधुमेहावरच्या अभ्यासक्रमात परिचारिकांना विचारता येईल, ‘इन्सुलिन सुरू करायचं म्हटल्यावर तुमच्याकडच्या रुग्णाचं पहिलं वाक्य काय असतं?’ यावर प्रत्येकीकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं. ‘एकदा सुरू केलं की सुटत नाही म्हणतात’ हे वाक्य नाशिकचीनं लिहिलं की नांदेडचीला वाटतं, अरे, आमच्याकडेही हेच. ओळख होते ती तिथे.

एकदा लोक बोलू लागले की सुलभकापुढे उलटाच प्रश्न उभा राहतो : आपण किती बोलायचं? उत्साही शिक्षकाला वाटतं, प्रत्येक शंकेला लगेच उत्तर देणं म्हणजे उत्तम सेवा. ऑस्ट्रेलियातल्या स्विनबर्न विद्यापीठाच्या ऑनलाइन खगोलशास्त्र अभ्यासक्रमावर मार्गारेट मॅझोलिनी आणि सारा मॅडिसन यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे डोळे उघडतो. जे शिक्षक चर्चेत वारंवार लिहीत, त्यांना विद्यार्थ्यांनी अधिक उत्साही आणि अधिक तज्ज्ञ म्हणून गुण दिले. पण त्यांच्याच वर्गांत चर्चा लवकर आटोपत होत्या. सर बोलले, आता काय बोलायचं राहिलं? विद्यार्थ्यांना आवडणारी वागणूक आणि त्यांना बोलतं करणारी वागणूक, या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. अभिप्रायाच्या तारांकित गुणांवर सुलभकाची पारख करणाऱ्या संस्थांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

थेट प्रक्षेपणाच्या तासात हीच गोष्ट सेकंदांत मोजता येते. अमेरिकी संशोधिका मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळेतल्या विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबत आणि पुढे सरकत. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येत, अधिक मुलं बोलत आणि ‘माहीत नाही’ कमी होई. हे झालं समोरासमोरच्या वर्गाचं. ऑनलाइन तासात माइक सुरू करायचं बटण शोधण्यातच तीन सेकंद जातात. म्हणून तिथे ‘काही शंका? नाही? बरं, पुढे जाऊ’ हे वाक्य फार घातक आहे. मनात दहापर्यंत मोजणं हा साधा उपाय आहे. पडद्यावरची दहा सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला युगासारखी वाटते, ऐकणाऱ्याला नाही.

आता आरोग्याच्या प्रशिक्षणाकडे येऊ, कारण तिथे चर्चा चुकली तर त्याचा भार रुग्णावर पडतो. समजा, विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टर-परिचारिकांसाठी सर्पदंशावर अभ्यासक्रम चालू आहे. ‘सर्पदंशाची लक्षणे लिहा’ असा प्रश्न टाकला, तर पुस्तकातली यादी उतरून येईल. त्याऐवजी सुलभक लिहितो : ‘पहाटे चार वाजता एका शेतमजुराला आणलंय. रात्री जमिनीवर झोपला होता. पोटात दुखतंय, उलटी झाली. अंगावर जखम नाही, सूज नाही. पापण्या जड दिसतात. तुम्ही आधी काय कराल, आणि का?’ एक जण लिहितो, आम्लपित्ताचं इंजेक्शन देऊन सकाळपर्यंत पाहू. दुसरी विचारते, दारू प्यायला होता का? तिसऱ्याला पापण्या खटकतात. तो विचारतो, मण्यार तर नसेल?

मण्यारच असते. तिचा दंश बहुधा रात्री, झोपेत होतो. तो जाणवत नाही आणि खूणही अनेकदा सापडत नाही. विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर काम करतं. आधी पापण्या पडतात, नंतर श्वासाचे स्नायू थकतात. प्रतिविष लवकर द्यावं लागतं, कारण एकदा लुळेपणा आला की ते तो सहसा मागे फिरवू शकत नाही. मग कृत्रिम श्वासावरच भिस्त. आता सुलभकानं आम्लपित्तवाल्या डॉक्टरचं काय करायचं? ‘चूक!’ असं लिहिलं तर तो पुढचे सहा आठवडे काही लिहिणार नाही, आणि त्याच्यासारखाच विचार करणारे पण न लिहिलेले वीस जण सुटकेचा निःश्वास टाकतील. शहाणा सुलभक त्याच उत्तराला धरतो : ‘पोटदुखी आणि उलटी यावरून आम्लपित्त हा विचार स्वाभाविक आहे. मण्यारीचे रुग्ण याच विचारामुळे सकाळपर्यंत थांबवले जातात. त्यात न बसणारं एक लक्षण वर दिलंय, कोणतं?’ चूक सगळ्यांसमोर दुरुस्त होते, चुकणाऱ्याला मात्र खाली बघावं लागत नाही.

उत्तर माहीत असून थांबणं हे यातलं कौशल्य खरं; पण त्याला हद्द आहे. कुणी लिहिलं, ‘दंशाच्या वर करकचून दोरी बांधावी’ किंवा ‘चीर देऊन रक्त काढावं’, तर तिथे चर्चेची वाट बघायची नाही. तो मजकूर वाचून कुणीतरी त्याच रात्री तसं करू शकतो. तिथे ताबडतोब, स्पष्ट शब्दांत आणि कारणासह ‘हे करू नका’ असं लिहायचं. तीच गोष्ट रुग्णाच्या फोटोची. प्रशिक्षणाच्या व्हॉट्सॲप गटात केसपेपरसकट चेहरा टाकणारे उत्साही जीव असतातच. तो फोटो आधी काढायचा आणि कारण नंतर, खासगीत सांगायचं. सकाळी सहाच्या सुप्रभात-फुलांना मात्र दोन दिवसांची सवलत द्यायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशी गटाचे नियम मवाळ भाषेत पुन्हा टाकावेत.

असं घडवून आणलेलं शिकणं रुग्णापर्यंत पोहोचतं का, याचा भक्कम पुरावा अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातून आला. तिथल्या विद्यापीठात भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा हेपॅटायटिस सीवर उपचार करत. राज्य मोठं, वस्ती विरळ. त्यांच्या दवाखान्यात नंबर लागायला आठ-आठ महिने लागत, आणि रुग्ण शेकडो मैल गाडी हाकत येत. तेव्हाचे उपचारही कठीण होते. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी रक्त कमी होई, नैराश्य येई, त्यामुळे गावातले डॉक्टर हात लावायला धजत नसत. अरोरांनी २००३मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. ग्रामीण दवाखाने आणि तुरुंग मिळून २१ ठिकाणचे डॉक्टर व आरोग्यसेवक दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र येऊ लागले.

एकोच्या बैठकीतला वेळ कसा वाटला जातो, ते पाहण्यासारखं आहे. तज्ज्ञाचं व्याख्यान असतं, पण छोटं. बहुतेक वेळ रुग्णांच्या चर्चेला. गावातला डॉक्टर आपला रुग्ण मांडतो, ठरलेल्या नमुन्यात आणि नाव-गाव न सांगता. मग सुलभक आधी इतर गावांतल्या सहभागींना विचारतो, कुणाला काही विचारायचंय? तज्ज्ञांचे प्रश्न त्यानंतर. सल्ला देतानाही हाच क्रम : आधी सहभागी, शेवटी तज्ज्ञ. हा क्रम उलटा केला की बैठकीचं व्याख्यान होतं, कारण मोठे डॉक्टर बोलल्यावर तालुक्याचा डॉक्टर तोंड उघडत नाही. आपल्याकडच्या वेबिनारांत तर पहिली पंधरा मिनिटं स्वागत, प्रास्ताविक आणि पाहुण्यांच्या परिचयात जातात आणि प्रश्नोत्तरांना शेवटची पाच उरतात, ‘वेळेअभावी’.

या पद्धतीचा निकाल २०११मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. एकूण ४०७ रुग्ण. विद्यापीठाच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्यांपैकी ५७.५ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू गेला आणि उपचार संपल्यावरही परतला नाही. एकोच्या ठिकाणी, म्हणजे गावातल्या डॉक्टरांच्या हातून, हे प्रमाण होतं ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणाम विद्यापीठात १३.७ टक्के रुग्णांना झाले, एकोमध्ये ६.९ टक्क्यांना. कोणत्या रुग्णानं कुठे जायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे गावातले डॉक्टर तज्ज्ञांहून सरस ठरले असा अर्थ यातून काढता येत नाही. ते कमी पडले नाहीत, एवढं मात्र निश्चित म्हणता येतं. भारतातही ही पद्धत आली आहे. बंगळुरूच्या निम्हान्सने मानसिक आजार आणि व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणासाठी ती वापरली.

आठवड्याला वीस-तीस जणांची बैठक असेल तर कोण बोललं आणि कोण नाही, हे दिसतं तरी. हजारोंच्या अभ्यासक्रमात ते दिसत नाही, आणि तिथे सुलभकाच्या नकळत एक अन्याय घडू शकतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग २०१८मध्ये समोर आला. त्यांनी १२४ ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या चर्चांमध्ये काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावांनी मजकूर टाकला. नावं गोऱ्या, कृष्णवर्णीय, चिनी आणि भारतीय वळणाची. स्त्रियांची आणि पुरुषांची. कोणता मजकूर कोणत्या नावानं जाणार, ते यदृच्छेनं ठरवलेलं. शिक्षकांनी एकंदर फक्त सात टक्के मजकुरांना उत्तर दिलं. पण नाव गोऱ्या पुरुषाचं असेल, तर उत्तर मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा ९४ टक्क्यांनी अधिक होती. या शिक्षकांनी कुणाला ठरवून डावललं असेल असं वाटत नाही. ढिगातून दोन-चार प्रश्न उचलताना हात आपोआप ओळखीच्या नावाकडे गेला असावा. आपल्याकडे ही ओळख आडनावाची असेल, शहराची असेल, सफाईदार इंग्रजीची असेल. इलाज कोरडा आहे, पण लागू पडतो : दर आठवड्याला आपण उत्तर दिलेल्या आणि न दिलेल्या नावांची यादी शेजारी-शेजारी ठेवून पाहायची.

एवढं काम एका माणसाला कसं झेपावं? जॉर्जिया टेकमध्येच, त्या फसलेल्या अभ्यासक्रमानंतर तीन वर्षांनी, प्रा. अशोक गोयल यांनी एक वाट काढली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या त्यांच्या ऑनलाइन वर्गात तीनशेच्या आसपास विद्यार्थी होते आणि एका सत्रात चर्चेत सुमारे दहा हजार संदेश पडत. ‘गृहपाठ कधी द्यायचा?’, ‘फाइल कोणत्या प्रकारची हवी?’ असे प्रश्न पुन:पुन्हा येत. २०१६च्या जानेवारीत त्यांनी ‘जिल वॉटसन’ नावाची साहाय्यिका कामाला लावली. ती आयबीएमच्या वॉटसन प्रणालीवर उभारलेला संगणकी कार्यक्रम होती आणि ९७ टक्के खात्री असेल तरच उत्तर देई. सत्र संपेपर्यंत बहुतेक विद्यार्थ्यांना ती माणूस नसल्याचा पत्ता लागला नाही. यातली कामाची वाटणी महत्त्वाची आहे. तारखा, नमुने, नियम यंत्राकडे. आम्लपित्तवाल्या डॉक्टरला उत्तर माणसाकडे. आजचे चॅटबॉट जिलपेक्षा कितीतरी हुशार आहेत, आणि मण्यारीचं निदान ते क्षणात सांगतील. पण क्षणात सांगितलं की दुसरीनं दारूचा प्रश्न विचारला नसता आणि तिसऱ्यानं पापण्यांकडे पाहिलं नसतं.

आपल्या ‘स्वयम’ या राष्ट्रीय मंचाच्या रचनेत व्हिडिओ, वाचनसाहित्य आणि स्वमूल्यांकनाच्या जोडीनं चर्चेला चौथ्या अंगाचं स्थान दिलेलं आहे. कागदावर जागा आहे. ती भरते की नाही, हे त्या-त्या शिक्षकाच्या हौसेवर सोडलेलं दिसतं. करोनाकाळात शिक्षकांपासून आशाताईंपर्यंत सगळ्यांच्या वाट्याला ऑनलाइन प्रशिक्षण आलं, तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडणारी आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेणारी मंडळी कमी नव्हती. त्यांना दोष देणं सोपं आहे. पलीकडून त्यांना विचारणारं कुणी नव्हतं, हे मात्र कुणी मोजलं नाही.

विचारायला फार यंत्रणा लागत नाही. वीस-पंचवीस जणांमागे एक सुलभक, त्याला आठवड्याचे चार-सहा तास मोकळे, आणि त्या तासांचा मोबदला. सोमवारी सकाळी त्याचं पहिलं काम म्हणजे गेल्या आठवड्यात एकदाही न आलेल्यांची यादी काढणं, आणि त्यातल्या प्रत्येकाला नावानिशी दोन ओळी लिहिणं : ‘ताई, मागच्या बैठकीत तुमची वाट पाहिली. व्हिडिओ उघडत नाहीये का?’